सातबारा कोरा होतो म्हणजे नेमकं काय होतं? ख्रिस्ती श्रद्धेतली पापक्षमा

२००८ साली मी काटोल तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळत होतो. त्या वर्षीच्या केंद्राच्या कर्जमाफीत २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांचं थकीत कर्ज पूर्ण माफ झालं. यादीत नाव आलेले एक वयस्क शेतकरी बेबाकीचा दाखला घ्यायला आले. त्यांनी दाखल्याची दोनदा घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात सारली. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. ‘साहेब, माह्याकडं आता काही देनं नाही ना जी?’ मी खातं उघडून शून्य दाखवलं. त्याच्या पुढच्या महिन्यात परत तेच. दिवाळीपर्यंत ते येत राहिले. कागद खिशात होता, पण कर्ज मनातून जात नव्हतं.

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, म्हणतो. तिच्यात एक ओळ आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, मूळ ग्रीक शब्दही ऋणाचाच आहे, आणि मराठी बायबलने तो तसाच ठेवला याचा मला फार आनंद वाटतो. पापक्षमा समजून घ्यायला विदर्भातल्या माणसाला याहून जवळची वाट नाही. कर्ज, थकबाकी, जामीनदार, जप्ती हे शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत.

नोकरीत असताना डबा खाता खाता सहकारी विचारायचे, ‘तुमच्यात बरं आहे, चर्चमध्ये जाऊन माफी मागितली की मोकळे!’ विचारणाऱ्यांत हिंदू होते, बौद्ध होते, आणि कुणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रश्न योग्यच आहे. ‘करावे तसे भरावे’ या म्हणीवर वाढलेल्या माणसाला फुकटची माफी अन्यायाची वाटणारच. ख्रिस्ती क्षमेचा अर्थ खरोखर एवढाच असता, तर मलाही ती अन्यायाचीच वाटली असती.

पाप म्हटलं की आपल्यापुढे चोरी, खून, व्यभिचार अशी यादी उभी राहते. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, पापासाठी सगळ्यात जास्त वेळा येणारा ग्रीक शब्द ‘हामार्तिया’ आहे. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. त्याच्या शेजारी ऋण हा शब्द ठेवला की चित्र पुरं होतं. देवावर पूर्ण मनाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या दोन आज्ञांत येशूने सगळं नियमशास्त्र सांगितलं. तेवढं आपलं देणं आहे. त्यातलं जेवढं दिलं नाही तेवढी थकबाकी. म्हणून उपासनेत पापाची कबुली देताना केलेल्या वाईटाबरोबर न केलेल्या चांगल्याचीही कबुली देतात. माझ्या वयाला आल्यावर कळतं की हा दुसरा भागच मोठा असतो. आजारी माणसाला भेटायला गेलो नाही, खरं बोलायच्या वेळी गप्प बसलो. त्याचा हिशोब कोणत्याही पोलिस ठाण्यात नसतो.

आता माफी. बँकेत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या नेहमी एक समजतात. एक ‘राइट ऑफ’ आणि दुसरी माफी. राइट ऑफ केलं की बुडीत कर्ज बँकेच्या ताळेबंदातून निघतं, पण कर्जदाराची सुटका होत नाही. वसुली चालूच राहते, नोटिसा जातच राहतात. माफीत देणंच संपतं. आपण एकमेकांना देतो ती क्षमा बहुतेक वेळा राइट ऑफच असते. ‘जाऊ दे, झालं गेलं’ म्हणतो, आणि पुढच्या भांडणात तीच नोंद काढून समोर ठेवतो. बायबल देवाच्या क्षमेबद्दल बोलतं तेव्हा शब्द पुसून टाकण्याचे, दूर लोटण्याचे, पुन्हा न आठवण्याचे आहेत. स्तोत्र १०३ म्हणतं की पश्चिमेपासून पूर्व जितकी दूर, तितके देवाने आमचे अपराध आमच्यापासून दूर केले. सातबारा कोरा.

पण सातबारा आपोआप कोरा होत नाही. हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच माझ्या सहकाऱ्यांची गल्लत व्हायची. २००८ मध्ये त्या शेतकऱ्याचं कर्ज माफ झालं तेव्हा पैसे हवेत विरले नव्हते. बँकेला ते सरकारी तिजोरीतून मिळाले. ज्याच्याकडून येणं आहे त्याने दिलं नाही, तर ज्याचं येणं आहे त्याला सोसावं लागतं, किंवा तिसऱ्याला भरावं लागतं. माणसांतही तसंच आहे. कुणी माझी बदनामी केली आणि मी त्याला खरंच माफ केलं, तर बदनामीचं नुकसान नाहीसं होत नाही. ते मी गिळतो. ज्याने मनापासून कुणाला माफ केलंय त्याला ठाऊक आहे की ते किती महाग पडतं.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की वधस्तंभावर देवाने हेच केलं. इथे लगेच प्रश्न येतो: एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या निरपराध माणसाला शिक्षा, हा कुठला न्याय? येशू हा देव आणि माणूस यांच्यामधला कुणी तिऱ्हाईत असता, तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. पण ३२५ साली निकायाच्या परिषदेत चर्चने ठाम शब्दांत मांडलं की पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याशी, म्हणजे देवाशी, एकतत्त्व आहे. म्हणजे वसुलीसाठी तिसरा माणूस पकडून आणलेला नाही. ज्याचं येणं होतं तोच खाली उतरला आणि त्यानेच तोटा अंगावर घेतला. येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, आणि त्यांचे अपराध त्यांच्याकडे मोजत नव्हता. इथला ‘मोजणे’ हा हिशोबातलाच शब्द आहे.

कलस्सैकरांच्या पत्रात याहून ठळक चित्र आहे. आपल्याविरुद्धचा कर्जाचा कागद देवाने पुसला आणि वधस्तंभाला खिळून टाकला, असं पौल म्हणतो. तिथला ग्रीक शब्द ‘खिरोग्राफोन’, म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद. आपली हातचिठ्ठी! सावकाराकडे अंगठा उमटवून दिलेली चिठ्ठी घरात किती पिढ्या भीती पेरते हे मी गावोगाव पाहिलंय, त्यामुळे हे वाक्य वाचताना मला अजूनही थांबावं लागतं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर येशूला चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटलंय. जामीनदार राहणं म्हणजे काय, हे सही करून पस्तावलेल्या कुणालाही विचारा.

हे सगळं नेमकं कसं घडतं, यावर धर्मपंडितांचं एकमत नाही. पापाने देवाचा मान दुखावला आणि त्याची भरपाई माणूस करू शकत नव्हता, अशी मांडणी अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्मने केली. कुणी त्याकडे सैतानावरचा विजय म्हणून पाहिलं, कुणी कोर्टातल्या निकालासारखं, कुणी प्रीतीचा परमोच्च दाखला म्हणून. बायबलमध्येही बाजारातली खंडणी, मंदिरातला यज्ञ, कोर्टातला निवाडा, घरातला समेट अशी चार-पाच चित्रं शेजारी शेजारी नांदतात. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, मात्र एवढंच म्हणतात की पापांच्या क्षमेवर माझा विश्वास आहे. मला ते पुरेसं वाटतं.

क्षमा करण्याचा अधिकार कुणाचा, यावर मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूमात घर माणसांनी भरलेलं, दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला उचलून आणलं, छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. येशू त्याला म्हणाला की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, मनातल्या मनात चिडले: देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. तुमचं कर्ज माझ्याकडे नसेल तर ते मी माफ कसं करणार? येशूने त्या तर्काला नाही म्हटलं नाही. आपल्याला तो अधिकार आहे हे त्यांना कळावं म्हणून त्याने त्या माणसाला उठून बाज उचलायला सांगितलं.

मग आपल्याकडून काय लागतं? सरकारी माफीला पात्रतेच्या अटी असतात. २००८ मध्ये ज्यांची कोरडवाहू जमीन थोडी जास्त होती, पण उत्पन्न काहीच नव्हतं, असे कितीतरी शेतकरी पूर्ण माफीच्या बाहेर राहिले. फळ्यावरच्या यादीत बोट फिरवत नाव शोधणारे चेहरे मला अजून आठवतात. देवाच्या कृपेला अशी पात्रता-यादी नाही. कृपा शब्दाचा अर्थच तो. पण एक गोष्ट लागते, आणि तिच्यासाठी मराठी बायबलने जो शब्द निवडला तो मला फार आवडतो. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की आपण आपली पापे ‘पदरी घेतली’ तर देव क्षमा करील. पदरी घेणं! दुसऱ्याच्या पदरात टाकायचं नाही. परिस्थिती, बायको, साहेब, जमाना यांच्या नावावर मांडायचं नाही. हे माझं, असं म्हणायचं.

दावीद राजाने बथशेबाला घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं, आणि काही झालंच नाही असा वागत राहिला. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगून त्याला कोंडीत पकडलं, तेव्हा तो म्हणाला, मी पाप केलं आहे. सबब एकही नाही. त्याच क्षणी नाथानने क्षमा सांगितली. पण पुढचं घर त्याला फाटलेलंच बघावं लागलं. क्षमा मिळाली, परिणाम राहिले. ‘माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल’ हे वाक्यही बायबलमधलंच आहे, गलतीकरांच्या पत्रातलं. ‘करावे तसे भरावे’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे आवर्जून दाखवायचो. क्षमा शेताची नांगरट उलटी करत नाही. ती नातं परत जोडते.

याबद्दल माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. एका दुष्काळी वर्षी वसुलीला गेलो असताना मी एका शेतकऱ्याला त्याच्या अंगणात, त्याच्या लहान मुलीसमोर, फार लागेल असं बोललो. ती तुळशीजवळ उभी होती, हातात अर्धी भाकर. तीन वर्षांनी तो माणूस आजारपणात गेला. त्यानंतर मी देवापुढे हे कितीदा पदरी घेतलं, आणि क्षमा मिळाली यावर माझा विश्वास आहे. पण येशूचंच सांगणं आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. निवृत्तीनंतर मी त्या मुलीच्या सासरी गेलो. तिला सगळं आठवत होतं. मी जे केलं ते नाव घेऊन सांगितलं. तिने चहा ठेवला, कप पुढे केला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. तिने तसं म्हणावं हे मागण्याचा मला हक्क नव्हता.

जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्टही याच वळणाची आहे. येशू त्याच्या घरी उतरायला गेला, आणि हा उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. क्रम बघा. येशू आधी घरी आला, परतफेड नंतर झाली. परतफेडीने क्षमा विकत घेतली जात नाही. क्षमा मिळालेल्या माणसाच्या हातून परतफेड निघते. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय?’ असा प्रश्न पौलाने स्वतःच विचारून ‘कधीच नाही’ असं उत्तर दिलंय. माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे.

कबुली कशी द्यायची यात वेगवेगळ्या चर्चमध्ये फरक आहे, आणि नागपुरात तो दोन-तीन किलोमीटरच्या आत बघायला मिळतो. सेमिनरी हिल्सला आपण सकाळी फिरायला जातो. ते नाव आलं सेंट चार्ल्स सेमिनरीवरून, जिथे कॅथलिक फादर घडतात. त्यांच्याकडे फादरसमोर कन्फेशन हा संस्कार आहे. वर्षातून एकदा तरी तो करावा, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने घातला. क्षमा फादरची नसते, देवाची असते. फादर ती ख्रिस्ताच्या नावाने उच्चारतो, आणि ऐकलेलं प्राण गेला तरी बाहेर सांगू शकत नाही. आमच्याकडे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, सगळी मंडळी मिळून उपासनेत कबुली देतात आणि पाळक क्षमेचं वचन सांगतात. सहा चर्चसंस्था एकत्र येऊन हे चर्च स्थापन झालं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सदरच्याच ऑल सेंट्स कॅथिड्रलमध्ये. युरोपात चर्च दुभंगलं त्याच्या मुळाशी क्षमेचाच वाद होता. पैसे देऊन पापाचा दंड कमी करून देणारी पत्रं विकली जात होती, त्याविरुद्ध मार्टिन लुथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले. कॅथलिक चर्चने ती विक्री पुढे त्याच शतकात बंद केली. १९९९ साली लुथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून जाहीर केलं की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे. ही बातमी आपल्याकडे फारशी कुणाला कळलीच नाही, याची मला खंत आहे.

आता प्रार्थनेतला दुसरा अर्धा भाग: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. हा भाग म्हणताना जीभ अडखळते. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं, सातांच्या सत्तर वेळा. आणि मग एक गोष्ट. एका राजाच्या चाकराकडे १०,००० तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. आपल्याकडे संत्रातोडीची रोजी ५०० रुपये धरली, तर ३,००० कोटी. चाकर पाया पडून म्हणतो, वेळ द्या, सगळं फेडीन! राजा सगळंच सोडतो. बाहेर पडताच त्याला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडे त्याचे १०० दिनार येणं आहे. त्याचा तो गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं तेव्हा माफी रद्द होते.

प्रवचनात सहसा सांगतात की १०० दिनार म्हणजे क्षुल्लक रक्कम. माझ्यातला बँकवाला याला तयार नाही. त्याच हिशोबाने ते ५०,००० रुपये होतात, रोजंदारीवाल्याची तीन-चार महिन्यांची कमाई. लोकांनी आपल्याला दिलेले घाव खोटे नसतात, आणि येशूही ते खोटे म्हणत नाही. तो फक्त दुसरा आकडा शेजारी ठेवतो.

सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या उदयनगर भागात गोरगरिबांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये बसमधून ओढून त्यांचा भोसकून खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप लागली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, त्याही सिस्टरच, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. खटला चालला, शिक्षा झाली, वर्षानुवर्षं तुरुंगवास झाला. क्षमेने कोर्टाचं काम अडवलं नाही. जुलूम सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत त्याच घरात जा’ असं सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावं. क्षमा म्हणजे पुन्हा मार खायला परत जाणं, असं बायबल कुठेही सांगत नाही.

आणखी एक भीती अनेकांना छळते. पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही, असं येशू म्हणाला. तेच तर माझ्याकडून झालं नसेल ना, असं विचारत माणसं रात्र रात्र जागतात. तो शब्द ज्यांच्यासाठी होता ते लोक येशूने बरं केलेल्या माणसांकडे बघून हे सैतानाचं काम म्हणत होते, आणि त्यांना क्षमा नकोच होती. जो क्षमेसाठी रडतो, तो त्यांच्यातला नाही.

काटोलचे ते शेतकरी महिन्यामागून महिना का येत राहिले, याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं त्यांना आकडा बघायचा नव्हता. ज्याने माफ केलं त्याच्या तोंडावर अजून राग आहे का, हे बघायचं होतं, आणि काउंटरवर त्यांना फक्त मी दिसत होतो.

पेत्राचंही असंच होतं. येशूला धरलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने तीनदा सांगितलं की मी त्याला ओळखत नाही. ‘कोळशाचा विस्तव’ हा शब्द नव्या करारात फक्त दोनदा आलाय, दोन्ही वेळा योहानाच्या शुभवर्तमानात. दुसऱ्यांदा तो येतो तिबिर्य समुद्राच्या काठावर. पहाट झालीय, पुनरुत्थित येशूने विस्तव पेटवलाय, वर मासळी आहे, भाकर आहे. पेत्र ओल्या कपड्यांनी समोर येतो. आधी न्याहारी होते. मग येशू विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा. त्या रात्रीचा उल्लेख एकदाही नाही. पेत्र दर वेळी हो म्हणतो, तिसऱ्या वेळी कळवळून. आणि बँकेत ज्याच्या नावापुढे आम्ही लाल खूण केली असती, ज्याला पुन्हा एक रुपयाही दिला नसता, त्या माणसाच्या हाती येशू आपली सगळी माणसं सोपवतो: माझी मेंढरे पाळ.